शिरेतले दूध

माझा सारा जन्म माणसांना झोपवण्यात गेला. भूल देणे हा माझा व्यवसाय; आणि निवृत्त झाल्यावर या पानावरून मी तोच उद्योग पुढे चालवतो आहे, असे आमच्या घरातले मत आहे. दिवाळी अंकासाठी संपादकांनी या खेपेला ऐसपैस जागा दिली आणि "काहीतरी सणाला साजेसे लिहा" असे बजावले. दिवाळीला साजेसे म्हणजे तेलातुपाचे. तेव्हा तेलावरच लिहितो. फक्त हे तेल कढईतले नव्हे, शिरेतले आहे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. कोजागिरी उलटली की आमच्या सदाशिव पेठेत माळे झाडण्याची साथ येते. वाडे जाऊन इमारती आल्या, माळ्याचा लॉफ्ट झाला, परंतु साथ काही हटली नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माई वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पितळी डबे काढायला स्टुलावर चढल्या आणि डब्यासकट खाली आल्या. डबा शाबूत राहिला. उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस दिला तो नेमका एकादशीचा. "नाहीतरी उपाशीच ठेवणार ना? मग बरा मुहूर्त आहे," असे म्हणून माई इस्पितळात दाखल झाल्या.

माईंना दमा. त्यामुळे संपूर्ण भूल न देता नुसता हात बधिर करायचे ठरले. गळपट्टीच्या हाडाजवळ सुई घालून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या भोवती औषध सोडायचे. अर्ध्या तासात हात ओंडक्यासारखा होतो, आणि रोगी जागाच असतो. निवड उत्तम होती. मीही तीच केली असती.

साडेदहाला माझा फोन वाजला. माईंचा मुलगा. "काका, ताबडतोब या. आईचं हृदय बंद पडलं होतं. आता चालू आहे म्हणतात. पण यांनी तिच्या शिरेत दूध घातलंय हो! मी स्वतः पिशवी पाहिली!"

मी पायांत चपला अडकवल्या त्या दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या, हे मला दुपारी कळले.

काय झाले होते ते भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि सुनेला बाहेरच्या बाकावर शेजारी बसून सांगितले. मी तेव्हा नुकताच पोचलो होतो. बाई तरुण, तिशीच्या आतबाहेरच्या. औषध ब्युपिव्हाकेन नावाचे होते. माईंचे वजन 46 किलो. किलोमागे 2 मिलिग्रॅमचा हिशेब धरला तर मर्यादा 92 मिलिग्रॅमची. अर्ध्या टक्क्याच्या औषधात एका मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम असतात, म्हणजे साधारण अठरा मिलिलिटर चालले असते. दिले होते पंधरा, तेही थोडे थोडे, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत. तरीही दोन मिनिटांत माई म्हणाल्या, "तोंडात तांब्याच्या पैशाची चव येतेय." मग म्हणाल्या, "कानात घंटा वाजतायत." मग बोलणे तोतरे झाले, आकडी आली आणि पाठोपाठ नाडी रुंदावत मंदावत नाहीशी झाली.

ही चव आणि ही घंटा आमच्या धंद्यात फार जुनी आहे. जागा बधिर करणारे औषध मज्जातंतूंतली विजेची ये-जा थांबवते. ते जिथे सोडले तिथेच राहिले तर गुणकारी. पण रक्तात गेले की ते मेंदूची आणि हृदयाचीही ये-जा थांबवू पाहते. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने 1884 साली कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, तेव्हापासून या विद्येला ही सावली चिकटलेली आहे. स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालेले लिग्नोकेन पुष्कळ सौम्य निघाले. दातांच्या डॉक्टरांकडे टोचतात ते बहुधा तेच. 1957 साली तिथेच तयार झालेले ब्युपिव्हाकेन तासन्‌तास टिकते, म्हणून शल्यवैद्यांचे लाडके. परंतु ते हृदयाला एकदा चिकटले की सहजी सोडत नाही. 1979 साली अमेरिकेतल्या ऑलब्राइट नावाच्या डॉक्टरांनी आमच्या शास्त्राच्या एका नियतकालिकात ही धोक्याची घंटा जाहीरपणे वाजवली. ती सगळीकडे ऐकू जायला वर्षे लागली.

मला ती ऐकू आली 1989 साली, आणि नियतकालिकातून नव्हे. छापखान्यात काम करणारा एक तरुण, बोटे यंत्रात सापडलेली. मी हात बधिर केला. तोही म्हणाला होता, तोंडात कसलीतरी चव येतेय. आम्ही तासभर त्याची छाती दाबली. चौघे होतो, आळीपाळीने दाबत होतो. त्या काळी याखेरीज करण्याजोगे काही नव्हते. बाहेर त्याची बायको आणि भाऊ उभे होते. "हृदय बंद पडलं," एवढेच मी त्यांना सांगितले. ते खरेच होते. का बंद पडले, ते त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. भावाने मला नमस्कार केला.

म्हणून त्या बाई बाकावर बसून "मी दिलेल्या औषधामुळे झालं" असे सरळ म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिले. हात थरथरत होते, पण वाक्य थरथरले नाही.

आता दुधाकडे वळतो. ते दूध नव्हतेच. सोयाबीनचे तेल, ते पाण्यात मिसळून राहावे म्हणून अंड्याच्या बलकातले लेसिथिन, आणि थोडे ग्लिसरीन. या सगळ्यांचे अतिसूक्ष्म थेंबांत घुसळलेले शंभरात वीस भाग तेल असलेले पांढरे मिश्रण. शिरेतून तेल देण्याची कल्पना जुनीच. सतराव्या शतकात एका इंग्रज गृहस्थाने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्हचे तेल घातले आणि कुत्रे मेले. 1854 साली टोरोंटोत पटकीच्या रोग्यांच्या शिरेत खरेखुरे गाईचे दूध सोडण्याचेही धाडस झाले होते! नंतर अमेरिकेत सरकीच्या तेलाचे मिश्रण निघाले आणि त्याचे विषारी परिणाम दिसून ते बाजारातून गेले. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंडने 1960 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत सोयाबीनचे मिश्रण, म्हणजे इंट्रालिपिड, सिद्ध केले, तेव्हा कुठे शिरेतून तेल देणे सुरक्षित झाले. ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही अशांचे ते जेवण. औषध म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

पाहिले ते शिकागोच्या डॉ. गाय वाइनबर्ग यांनी, आणि तेही उलट्या बाजूने. त्यांच्या एका रोग्याचे हृदय ब्युपिव्हाकेनच्या अगदी किरकोळ मात्रेने बिथरले होते, आणि त्या रोग्याच्या शरीरात स्निग्धाम्लांच्या ज्वलनात जन्मजात दोष होता. तेव्हा तेल घातले तर हे विष अधिक मारक ठरेल, असा अंदाज बांधून त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदीर मरेनात! तेल दिलेल्या उंदरांना मारायला विष पुष्कळ जास्त लागले. हा निबंध 1998 सालचा. पुढे कुत्र्यांवरही तसेच दिसले. आणि 2006 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई इस्पितळातून पहिल्या माणसाची हकिकत प्रसिद्ध झाली. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी बधिर केलेल्या 58 वर्षांच्या गृहस्थांचे हृदय वीसेक मिनिटे खटपट करूनही चालेना. 100 मिलिलिटर तेल दिल्यावर ते चालू झाले.

मी ती हकिकत वाचली तेव्हा 1989 सालाला सतरा वर्षे झाली होती.

हे तेल काम कसे करते? पहिल्यांदा वाटले, रक्तात तेलाचे एक कुंड तयार होते आणि तेलात विरघळणारे औषध त्यात ओढले जाते. हल्लीचे मत असे की तेलाचे थेंब कुंडापेक्षा हमालाचे काम अधिक करतात: मेंदू आणि हृदय यांच्यातून औषध उचलायचे आणि स्नायूंत व यकृतात नेऊन टाकायचे. शिवाय स्निग्धाम्ले हे हृदयाचे आवडते जळण. विषाने विझू पाहणाऱ्या चुलीत ते पडते. पूर्ण उलगडा झाला आहे असे नाही. आणि माणसांवर चिठ्ठ्या टाकून याची परीक्षा कोण घेणार? एकाचे हृदय बंद पडले असताना त्याला तेल द्यायचे आणि दुसऱ्याला नाही, हे कोणाच्या हातून व्हायचे? म्हणून पुरावा प्राण्यांचा आणि एकेका रोग्याच्या हकिकतींचा. डुकरांवरचे प्रयोग तर उलटसुलटही निघाले आहेत. परंतु हातात दुसरे काही नसताना हे आहे, आणि जिथे जिथे मोठ्या मात्रेने हात-पाय बधिर करतात तिथे ते कपाटात असावे, असे इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी सांगून ठेवले आहे.

माईंना किलोमागे दीड मिलिलिटर या हिशेबाने आधी 69 मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत दिले, आणि मग मिनिटाला साडेअकरा मिलिलिटरची धार लावली. छाती दाबणे चालूच होते. ॲड्रेनलिनही दिले, पण नेहमीच्या पूर्ण मिलिग्रॅमऐवजी अगदी चिमूटभर. या प्रसंगी त्याचा मोठा डोस हृदयाला उलटा जाचतो. अकराव्या मिनिटाला नाडी लागली. थोड्या वेळाने पुन्हा मंदावली, म्हणून पहिल्याइतकाच दुसरा हप्ता दिला. एकूण गेले 370 मिलिलिटरच्या आसपास. किलोमागे 12 मिलिलिटर ही त्याची कमाल मर्यादा, म्हणजे माईंना साडेपाचशे. तिच्या आत होते. तरी गृहिणींनो, तुमच्या मापाने सांगायचे तर सुमारे 74 ग्रॅम तेल, अर्धी वाटी, अर्ध्या तासात, सरळ रक्तात. एरवी पोषणासाठी तेवढे देताना बारा-बारा तास लावतात.

जीव वाचला, पण अर्ध्या वाटीचा हिशेब चुकता व्हायचा होता. आणि खरे सांगायचे तर हा भाग नातेवाइकांना कोणी सांगत नाही.

पहिली गडबड त्याच रात्री. प्रयोगशाळेतून मुलाला निरोप आला की रक्त "खराब" आहे, पुन्हा पाठवा. नळीतले रक्त त्याने मला दाखवले: वर पांढरी साय धरलेली. सकाळी 10.5 असलेले हिमोग्लोबिन यंत्राने 15 दाखवले, म्हणजे माई एका दिवसात पैलवान झाल्या! याच्यावर आम्ही हसलो. सोडियमवर हसण्यासारखे नव्हते. ते आले 129, बरेच कमी. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर म्हणाला, सोडियम उतरले म्हणूनच आकडी आली असणार; आणि तो मिठाचे तीव्र पाणी शिरेतून द्यायच्या तयारीला लागला.

ताकाच्या वाटीत मीठ किती, हे तुम्ही चाखून सांगता. त्या वाटीत लोण्याचा गोळा असेल आणि यंत्राला तो दिसतच नसेल, तर ते सगळी वाटी ताकच समजून हिशेब करते, आणि मीठ कमी भरते. ताकाला मात्र चव तीच असते. नेमके तसेच झाले होते. डॉक्टरीणबाई घरी गेल्या नव्हत्या. तेल सुरू करण्यापूर्वी, त्या धांदलीतही, त्यांनी एक कुपी रक्त काढून ठेवले होते. आणि दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर ताजे रक्त तपासून घेतले. सोडियम 137. मिठाच्या पाण्याची बाटली कपाटात परत गेली. नसलेली उणीव भरून काढण्याच्या नादात मेंदूला इजा झाली असती, आणि तीही हृदय वाचल्यानंतर.

दुसरी चिंता झोप उडवणारी. तेल रक्तातून लवकर निघून जाते, ब्युपिव्हाकेन रेंगाळते. हमाल घरी गेले आणि माल अजून गोदामाबाहेर आहे, अशी स्थिती. तेल संपल्यावर काही वेळाने हृदय पुन्हा बिघडल्याची नोंद 2009 साली प्रसिद्ध झालेली आहे. म्हणून नुसती आकडी येऊन थांबली तरी किमान दोन तास, हृदयावर परिणाम झाला असेल तर चार ते सहा तास आणि हृदय बंदच पडले असेल तर त्याहूनही अधिक काळ डोळ्यांत तेल घालून (हे दुसरे तेल!) पाहावे लागते. "शुद्धीवर आली, बोलतेय, मग साध्या खोलीत का नेत नाही? अतिदक्षतेचं बिल वाढवायचंय का?" असे मुलाने मला कोपऱ्यात घेऊन विचारले. पुणेकराने विचारायचाच प्रश्न. मी त्याला वरचे हमालाचे उदाहरण दिले. तो गप्प झाला, पण पटल्यासारखे दिसले नाही.

फुप्फुसांचीही धाकधूक होती. तेलाचे थेंब फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांतून जातात. फार आणि फार वेगाने दिले तर श्वास बिघडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे तेल देताना मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत, आणि वेष्टनांवर तसा इशाराही छापत आले आहेत. माईंना दुसऱ्या दिवशी प्राणवायू थोडा जास्त लागला. आता तो तेलाने, की आकडीत काही श्वासनळीत गेल्याने, की छाती दाबताना बरगड्या दुखावल्याने? सांगता येत नाही. या उपचाराचे दोष मोजू पाहणाऱ्यांची हीच पंचाईत आहे: रोगी आधीच मरणाच्या दारातून परतलेला असतो, आणि कोणता ओरखडा कशाचा हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. जे पुष्कळ तेल तासन्‌तास देतात, विशेषतः इतर विषबाधांत प्रयोग म्हणून, तिथे मात्र त्रास अधिक दिसला आहे. रक्त गाळणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यासुद्धा तेलाने तुंबल्या आहेत.

तिसरा हप्ता धनत्रयोदशीला आला. माईंच्या पोटात बेंबीच्या वर दुखू लागले, पाठीकडे जाणारे. सुनेला वाटले, उपासाने पित्त झाले. डॉक्टरीणबाईंनी मात्र एकादशीलाच लिहून ठेवले होते: अमायलेज, लायपेज, रोज, दोन दिवस. इंग्लंडच्या संस्थेच्या सूचनेत हे वाक्य आहे. ते किती ठिकाणी वाचले जाते, देव जाणे. रक्त एव्हाना स्वच्छ झाले होते आणि आकडे वाढलेले होते. स्वादुपिंडाला सूज. रक्तात तेल फार झाले की स्वादुपिंडातलाच पाचक रस त्याचे स्निग्धाम्लांत तुकडे करतो, आणि ती स्निग्धाम्ले त्या नाजूक ग्रंथीलाच भाजून काढतात. दुखणे सौम्य होते. शिरेतून पाणी, तोंडाने काही नाही, मग पेज, मग मऊ भात. मनगटाची शस्त्रक्रिया रद्द करून हाड प्लॅस्टरमध्येच जुळवायचे ठरले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. खिडकीबाहेर भुईचक्रे फिरत होती आणि माई वाटीतल्या पेजेकडे पाहत बसल्या होत्या. "डॉक्टर, चकल्यांची भाजणी मी स्वतः भाजून ठेवली होती हो. त्या सगळ्या आता सूनबाईच्या माहेरची मंडळी खाणार."

"खाऊ द्या, माई. तुम्ही तुमच्या वाटणीचं तेल आधीच घेतलंय."

भाऊबीजेला त्या घरी आल्या. मी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी लिहायला बसलो. पुढे कधी दात काढायचा झाला, मोतीबिंदू निघाला, तर तिथल्या डॉक्टरांना हे कळायला हवे: कोणते औषध, किती, किती वजनाला, किती मिनिटांनी काय झाले, कशाने परतल्या, नंतर स्वादुपिंडाला काय झाले. तेलाच्या मिश्रणात काय काय असते हेही लिहायचे, कारण अंडे किंवा सोयाबीन न सोसणारी माणसे असतात, आणि पुढच्या खेपेला कोणी विचारले तर उत्तर हाताशी हवे. इथे माईंचा मुलगा माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने माझा हातच धरला. "काका, बलक लिहू नका. आईनं आयुष्यात अंड्याला बोट लावलेलं नाही. तिला कळलं तर...!"

मी पेन खाली ठेवले. छापखान्यातल्या त्या माणसाचा भाऊ आठवला. त्याचा नमस्कार आठवला. मग पेन उचलून "अंड्याच्या बलकातील लेसिथिन" असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आणि चिठ्ठी नेऊन माईंच्या डाव्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत; सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती.

"त्या दिवशी एकादशी होती," माई म्हणाल्या.

"होती."

"बरं. कार्तिकीला निर्जळी करीन."

"निर्जळी नाही करायची, माई. स्वादुपिंड अजून हळवं आहे. पाणी भरपूर प्यायचं, आणि साबुदाण्याची खिचडी नाही. तूप आणि दाणे असतात. भगर चालेल."

"पातळ?"

"पातळ."

माईंनी चिठ्ठीची नीट चौघडी केली आणि रेशनकार्डाच्या पाकिटात, विजेच्या जुन्या बिलांच्या वर, ठेवून दिली.